आठव्या फोटोला

“पाव सेंटिमीटर मागं घ्या, आबा. जास्त गेली.”

आबांनी टूथपेस्टच्या खोक्याची ती बस दोन बोटांत धरली, श्वास रोखला आणि केसभर मागं सरकवली. वीस वर्षं दहा मीटरची बस चालवलेला माणूस आमच्या घराच्या पुढच्या सोप्यातल्या फरशीवर पालथा पडून वीस सेंटिमीटरची बस ढकलत होता.

“आता?”

“आता हात बाहेर घ्या. हाताची सावलीपण.”

हात बाहेर गेला. मी हेडफोनच्या वायरीवरचं आवाजाचं बटण दाबलं. फोनच्या पडद्याला बोट लावलं की फोन हलतो आणि फोन हलला की आधीचे सगळे फोटो वाया जातात, म्हणून ही युक्ती. टिक्. एक फोटो झाला.

“असं किती काढायचं?”

“एका सेकंदाला बारा.”

“आणि अपघात किती सेकंदाचा?”

तेच तर शोधायचं होतं.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एकोणीस वर्षांची होते, कोल्हापूरच्या एका कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला. आबा, म्हणजे माझे वडील श्रीपती मोरबाळे, आमच्या गावापासून सहा किलोमीटरवरच्या सूतगिरणीत ड्रायव्हर. पहिल्या पाळीच्या बायकांना पहाटे गिरणीत न्यायचं आणि दुपारी साडेतीनला घरी सोडायचं, हे त्यांचं काम. मार्चमधल्या एका बुधवारी परतीच्या वाटेवर, उंबरफाट्याजवळ, डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या सोनाबाई खोत त्यांच्या बसखाली सापडता सापडता वाचल्या. धडक बसली, कंबरेचं हाड मोडलं, पण जीव राहिला.

आबा बसमधून उडी टाकून त्यांच्याजवळ बसले आणि जमलेल्या माणसांसमोर एकच वाक्य बोलले, “मला दिसलीच न्हाई वो.”

ते वाक्य पंचनाम्यात गेलं. बसमधल्या बायका पाळी संपवून पेंगत होत्या, त्यांना काहीच सांगता आलं नाही. दुसरा ड्रायव्हर आजारी म्हणून आदल्या दिवशी आबांनी दोन पाळ्या केल्या होत्या, तेही हजेरीपुस्तकात होतं. गिरणीनं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि आरोपपत्र काढलं : कर्तव्यावर असताना डुलकी लागून अपघात. निकाल लागेपर्यंत निलंबन. शिवाय ताकीद, की जखमी बाईला भेटायला जायचं नाही. गेलात तर गुन्हा कबूल केला असं धरलं जाईल.

गिरणीचे कामगार अधिकारी इनामदार साहेब स्वतः घरी आले होते. माणूस वाईट नव्हता. चहा घेतला, आईची चौकशी केली आणि टाइप केलेला एक कागद पुढं केला.

“सही करा, मोरबाळे. डुलकी लागली, चूक झाली, एवढंच आहे यात. गिरणी सांभाळून घेईल. लवकर निवृत्ती देऊ, पोलिसांचंही बघू.”

आबांनी खिशातून पेन काढलं होतं. मी तो कागद उचलून इनामदार साहेबांच्या हातात परत दिला.

“चौकशी कधी आहे, साहेब?”

“पुढच्या शुक्रवारी. नऊ दिवस आहेत.”

“मग नऊ दिवसांनी बघू.”

ते गेल्यावर मी आबांना विचारलं, “खरं सांगा, डोळा लागला होता?”

आबांनी हातातल्या पेनाचं टोपण लावलं. “तेच तर मला सांगता येत न्हाई, कल्याणी. ती दिसली न्हाई, एवढंच ठावं हाय. एकदम म्होरं आली. जागा माणूस असता तर दिसली असती न्हवं? लागलाबी असंल डोळा.”

आरोप कुणी बाहेरच्यानं केला तर माणूस भांडतो. आबांचा स्वतःवरच विश्वास उरला नव्हता. जेवताना मध्येच थांबायचे, आईला विचारायचे, “आत्ता माझं डोळं मिटलं हुतं का?”

त्याच महिन्यात मी स्टॉप मोशनची दहा दिवसांची कार्यशाळा केली होती. वस्तू थोडी सरकवायची, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायची, पुन्हा फोटो. सगळे फोटो भराभर दाखवले की वस्तू चालू लागते. शिकवायला नीलोफर मुजावर मॅडम होत्या. माझं तिथलं काम म्हणजे एक लिंबू टेबलावरून गडगडत जातं, एवढंच. तेसुद्धा मॅडमना आवडलं नव्हतं. पण लिंबू गडगडवताना मला एक कळलं होतं. कुठला फोटो आधी आणि कुठला नंतर, हे ठरवल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. कदाचित, असं झालं असेल, वाटतं, यांपैकी काहीच तिथं चालत नाही.

म्हणून मी टेप, वही आणि मैत्रिणीची स्कूटी घेऊन उंबरफाट्यावर गेले. आबा यायला तयार नव्हते. रस्त्यावर टायरचे काळे पट्टे अजून दिसत होते, पोलिसांनी पांढऱ्या रंगानं केलेल्या खुणाही होत्या. ब्रेकचा पट्टा कुठं सुरू झाला, बस कुठं थांबली, सोनाबाई कुठं पडल्या, सगळं मोजलं. ब्रेकचा पट्टा साडेअकरा मीटर. घरी येऊन एक मीटरला दोन सेंटिमीटर या मापानं सोप्यातल्या फरशीवर खडूनं तो सगळा रस्ता काढला. गिरणीच्या बसला वेगाचं लॉक होतं, चाळीसच्या वर जातच नव्हती. ताशी चाळीस म्हणजे सेकंदाला साधारण अकरा मीटर. बारा फोटोंत अकरा मीटर. म्हणजे खोक्याची बस दर फोटोला दोन सेंटिमीटरला जरा कमी सरकवायची. सोनाबाई तारेच्या आणि क्लेच्या, तीन सेंटिमीटर उंच, आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेल्या. डोक्यावर हिरव्या लोकरीचा भारा.

पहिला दिवस फुकट गेला. फोटो चालवून बघितले तर चित्रात वीज चमकल्यासारखा उजेड कमीजास्त होत होता. खिडकीतलं ऊन सरकत होतं आणि आमचं तिकडं लक्षच नव्हतं. दुसऱ्या दिवशी खिडकीला वाकळ लावली आणि एकाच दिव्यावर काम केलं. फोन उलट्या स्टुलाच्या पायांमध्ये दोरीनं आवळला. दारात आईला बसवलं, कुणी आत येऊ नये म्हणून. संध्याकाळपर्यंत सत्तर फोटो झाले. सहा सेकंदांचा सिनेमा. मी तो मॅडमना पाठवला आणि फोन केला.

“ही बस नाही,” मॅडम म्हणाल्या. “हे टूथपेस्टचं खोकं आहे.”

“मॅडम, खोकंच आहे ते.”

“ते तुला माहीत आहे, बघणाऱ्याला कळता कामा नये. तुझी बस ब्रेक मारल्यावर जागच्या जागी थांबते. इतकी जड वस्तू अशी थांबते का? अंतर हळूहळू कमी कर. आधी पूर्ण, मग थोडं कमी, मग आणखी कमी, शेवटी दोराभर. वजन चित्रात काढता येत नाही, कल्याणी. ते दोन फोटोंमधल्या अंतरात असतं.”

आबा शेजारी बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, “बाई बरोबर बोलत्यात. भरलेली बस दाबलं की थांबत न्हाई. आधी नाक खाली घालती.” आणि पुढचे फोटो काढताना त्यांनी स्वतःच बसच्या मागच्या चाकांखाली कागदाची घडी सरकवली, बसचं नाक खाली जाईल इतकीच.

तिसऱ्या दिवशी मला वरून दिसणारा अपघात पुरेसा वाटेना. ड्रायव्हरला काय दिसत होतं ते हवं होतं. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कॅमेरा जागचा हलवायचा नाही. मी पुन्हा फोन केला.

“हलवायचा असेल तर कॅमेरासुद्धा बाहुलीच समज,” त्या म्हणाल्या. “त्यालाही प्रत्येक फोटोला मोजून सरकव. हातात धरून नको, काहीतरी रूळ कर.”

आईनं घरामागच्या परड्याकडच्या दाराचा पडदा काढून त्याचं ॲल्युमिनियमचं चॅनेल दिलं. मी त्यावर पेन्सिलीनं खुणा केल्या. ड्रायव्हरचे डोळे जमिनीपासून दोन मीटरवर, म्हणजे आमच्या मापात चार सेंटिमीटर. फोन सरळ उभा केला की भिंग वर राहायचं, म्हणून तो उलटा केला. आता भिंग बरोबर आबांच्या डोळ्यांच्या जागी आलं. एक खूण, एक फोटो. पुढची खूण, पुढचा फोटो.

दुपारी चारला तो सिनेमा चालवला. रस्ता समोरून अंगावर येऊ लागला. डाव्या कडेला, लांबूनच, लोकरीचा भारा घेतलेली इवलीशी बाई दिसत होती. दिसत होती, मोठी होत होती, रस्त्यावर येत होती. पाच सेकंद ती स्पष्ट दिसत होती.

आबांनी ते एकदाच बघितलं.

“मंग मला कशी दिसली न्हाई ती?” ते म्हणाले. उठले, कोनाड्यातलं पेन घेतलं, आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. “त्यो कागद पुन्ना मागून घे इनामदारांकडनं. डुलकीच हुती.”

मी केलेल्या सिनेमानं त्यांच्यावरचा आरोप सिद्ध केला होता.

मला वाटलं आई म्हणेल, कशाला हा उद्योग केलास. पण ती परड्यात गेली आणि धुणं वाळत घालू लागली. मी फरशीवर बसून तेच फोटो पुढं मागं करत राहिले. काहीतरी सलत होतं. मॅडमना तो सिनेमा पाठवला तेव्हा त्यांचा निरोप आला : कॅमेरा छान सरकलाय. पण ब्रेक कशाने लागला ते कळत नाही. हालचालीच्या आधी कारण दाखव.

मी ते वाचलं आणि ब्रेकचा फोटो शोधून काढला. ब्रेकचा पट्टा सोनाबाईंच्या नऊ मीटर आधीपासून सुरू होत होता. डुलकीतला माणूस धडक बसल्यावर जागा होतो. आबांनी ब्रेक धडकेच्या आधी, एक सेकंदाहून जास्त आधी दाबला होता. म्हणजे त्याच्या जरा आधी त्यांना ती दिसली होती. पाच सेकंद समोर असलेली बाई आधी नाही आणि बरोबर त्याच क्षणी का दिसली?

“आबा,” मी पायरीवर गेले. “ती दिसली तेव्हा कुठं होती? रस्त्याच्या कडेला की रस्त्यात?”

“रस्त्यातच की. एकदम. भिंतीतनं निघाल्यागत.”

“भिंत कुठाय तिथं?”

“न्हाई भिंत. सांगालोय तसं वाटलं.”

मी स्कूटी काढली.

उंबरफाट्यावर उंबराचं झाड नाही. आहे ती एक पानपट्टी आणि शेतातून येणारी पायवाट. मी आधी आले होते तेव्हा रस्ता मोजला होता, कड मोजली नव्हती. या वेळी पायवाट जिथं डांबराला मिळते तिथं मी गुडघ्यावर बसले. गवत दाबलेलं होतं. त्यात, रस्त्याला आडव्या ओळीत, पाच ठिकाणी माती ताजी भरलेली होती. एका जागी बांबू जमिनीलगत कापलेला दिसत होता. ओळीचं टोक डांबरापासून एका वितीवर.

“इथं काय होतं हो?” मी पानपट्टीवाल्याला विचारलं.

“कुठं?”

“इथं. बांबू रोवले होते.”

तो पान पुसत राहिला. मग हळूच म्हणाला, “बारा तारखंला काय असतंय गिरणीत?”

“काय असतंय?”

“मी काय बोललो न्हाई बरं का.” त्यानं पान उलटं केलं. “दुपारी बाराला लागला, दोन दिवसांनी निघाला. लई मोठा हुता.”

घरी येईपर्यंत मला कळलं होतं. बारा तारीख, अपघाताचा बुधवार. चेअरमन साहेबांचा वाढदिवस. मी आबांचा फोन घेतला, ज्यावर इतके दिवस आम्ही फोटो काढत होतो तोच. गिरणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाढदिवसाचे न उघडलेले बेचाळीस फोटो पडून होते. एकतिसाव्या फोटोत चेअरमन साहेब हार घालून उभे होते. मागं वीस फूट रुंद, दहा फूट उंच फ्लेक्स, तळ गवताला टेकलेला, कड डांबरापाशी. त्याच्या मागं उंबरफाट्याची पानपट्टी. वेळ, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं.

“आबा, हा बघितला होता?”

आबा फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिले. “पहाटं गेलो तवा न्हवता ह्यो. दुपारी येताना… काहीतरी रंगीत हुतं व्हय. पर असले फ्लेक्स काय, रोजच असत्यात. कोण बघतंय.”

माझ्याकडं जुन्या लग्नपत्रिका होत्या. एकीच्या कोऱ्या पाठीतून बारा सेंटिमीटर बाय सहा सेंटिमीटरचा तुकडा कापला आणि खडूच्या रस्त्याच्या कडेला, मोजलेल्या जागी उभा केला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ड्रायव्हरच्या डोळ्यांतून सगळे फोटो पुन्हा काढले. आबा खुणा वाचायचे, मी फोन सरकवायचे. दुपारी सिनेमा चालवला. रस्ता, कड, पांढरा पुठ्ठा. बाई नाहीच. बाई नाहीच. मग पुठ्ठ्याच्या कडेतून एकदम लोकरीचा भारा.

“थांबव,” आबा म्हणाले. “आता एकेक फोटो दाखव.”

मी एकेक फोटो पुढं नेला. आबा बोटं दुमडत मोजत होते.

“ब्रेकचा पट्टा कुठं लागला?”

“आठव्या फोटोला.”

“आठ म्हंजी किती?”

“पाऊण सेकंदसुद्धा नाही.”

आबांनी उजवा पाय फरशीवर एकदा दाबला, जसा ब्रेक दाबावा तसा, आणि पुन्हा उचलला. मग म्हणाले, “आता तिच्या बाजूनं काढ.”

“कुणाच्या?”

“सोनाबाईच्या. तिला बस दिसत हुती का बघ.”

“आबा, दोनच दिवस राहिलेत. आपल्याला तुमचं सिद्ध करायचंय.”

“तिचा पोरगा भरमा गावभर सांगत फिरतोय, म्हातारी आंधळ्यागत पुढं गेली म्हणून. माझ्यावरनं डाग गेला आणि तिच्यावर बसला तर मी सुटून काय करू?” आबांचा आवाज चढला. अपघातानंतर पहिल्यांदाच. “तिच्या बाजूनंबी काढायचं. जमत नसंल तर माझंबी दाखवू नको.”

मी काढलं. चॅनेल पायवाटेवर आडवं ठेवलं, भिंग तीन सेंटिमीटरपेक्षाही खाली आणलं, आणि बाईच्या पावलांच्या मापानं, फोटोला पाव सेंटिमीटरसुद्धा नाही इतकं, सरकवत नेलं. चालत्या माणसाचं डोकं थोडं वरखाली होतं, म्हणून दर काही फोटोंनी भिंगाखाली पत्त्याचं पान घातलं आणि काढलं. तिथंही तेच. पुठ्ठा, पुठ्ठा, पुठ्ठा, आणि कड संपली की अंगावर बस.

शुक्रवारी अकरा वाजता गिरणीच्या बैठकीच्या खोलीत आम्ही गेलो. भिंतीवर चेअरमन साहेबांचा मोठा फोटो होता. टेबलाच्या पलीकडं इनामदार साहेब आणि दोन कारकून. बाकावर सोनाबाई, वॉकर पुढ्यात धरून, आणि त्यांचा मुलगा भरमा. त्यांना साक्षीसाठी बोलावलं होतं. नियमाप्रमाणं कामगाराला आपलं म्हणणं लेखी द्यायचं असतं.

“माझं म्हणणं लिवलेलं न्हाई, साहेब,” आबा उभे राहून म्हणाले. “दाखवायचं हाय.”

“काय दाखवायचंय?”

मी मॅडमकडून आणलेला लॅपटॉप टेबलावर ठेवला. इनामदार साहेबांनी भुवया वर केल्या, पण नाही म्हणाले नाहीत. पहिला सिनेमा, वरून दिसणारा, त्यांनी मान हलवत बघितला. एक कारकून हसला. खोक्यावरचं टूथपेस्टचं नाव दिसत होतं.

“ठीक आहे,” साहेब म्हणाले. “हे काही सिद्ध करत नाही. डुलकीत असेल, ऐनवेळी दचकून ब्रेक मारला असेल.”

“दुसरा बघा, साहेब. हा ड्रायव्हरच्या डोळ्यांतून आहे.”

बाई पुठ्ठ्यामागून आली. मी तिथं थांबवलं आणि एकेक फोटो पुढं नेला. आठव्यावर बोट ठेवलं.

“पट्ट्याची जागा पंचनाम्यातली आहे. बाई दिसल्यापासून आठव्या फोटोला ब्रेक. झोपलेला माणूस नेमका ती दिसल्यावरच कसा दचकेल?”

इनामदार साहेब पुढं झुकले. “हे पांढरं काय आहे?”

मी तो व्हॉट्सॲपचा फोटो त्यांच्यापुढं धरला. एका कारकुनानं भिंतीवरच्या फोटोकडं एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

“तुमच्या सिनेमात त्याच्यावर काही लिहिलेलं नाही,” साहेब शेवटी म्हणाले.

“मुद्दाम नाही लिहिलं. नाव कुणाचंही असलं तरी मागचं दिसत नाही.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला. “तिसरा कसला आहे?”

“ह्यो माझा,” आबा म्हणाले आणि लगेच दुरुस्ती केली, “म्हंजी त्या बाईंचा.”

मी लॅपटॉप बाकाकडं वळवला, आधीचे दोन सिनेमे पुन्हा दाखवले आणि मग तिसरा लावला. सोनाबाईंनी वॉकरवर भार देऊन मान पुढं काढली. स्वतःच्या उंचीवरून, स्वतःच्या चालीनं, त्या पुन्हा एकदा रस्त्याकडं निघाल्या. पुठ्ठा संपला, बस आली, चित्र थांबलं.

“पुन्ना लाव,” भरमा म्हणाला. मी लावलं. त्यानं तिसऱ्यांदा लावायला सांगितलं तेव्हा इनामदार साहेब कागद गोळा करत उठले. “निकाल कळवू,” एवढंच म्हणून आतल्या खोलीत गेले.

निकाल तीन आठवड्यांनी आला. ‘रस्त्याच्या कडेच्या तात्पुरत्या अडथळ्यामुळे’ असे शब्द होते, अडथळा कसला ते नव्हतं. डुलकीचा आरोप रद्द झाला. आबांना परत घेतलं, पण बायकांच्या बसवर नाही, सुताच्या गाठींच्या टेम्पोवर. आबांनी आणखी नऊ वर्षं तो चालवला.

पण त्या शुक्रवारी निकाल वगैरे काही हातात नव्हतं. आम्ही व्हरांड्यात आलो. आबा लांब खांबाजवळ उभे राहिले. भेटायचं नाही ही ताकीद अजून होतीच. सोनाबाई बाकावर टेकल्या आणि त्यांनी मला हाक मारली.

“पोरी, तुझ्या शिणेमात एक चूक हाय.”

“कुठली, मावशी?”

“भारा माझ्या डोक्यावर शेवटपतूर तसाच ऱ्हायलाय. मी टाकला की त्यो. ह्या हातानं फेकला बसवर.”

खांबाजवळून आबा म्हणाले, “हिरवं.”

आम्ही तिकडं बघितलं. आबांनी इनामदार साहेबांच्या बंद दाराकडं एकदा पाहिलं आणि सरळ येऊन बाकावर बसले, सोनाबाईंच्या शेजारी, मध्ये वॉकर.

“काचंवर हिरवं आलं एकदम,” ते म्हणाले. “मला वाटलं झाडच पडलं.”

“झाड कुठलं? कडवळ हुतं. सकाळी कापलेलं.”

“कधी टाकलासा?”

“हारन ऐकला तवा.”

आबांची मान वळली. “मी हॉर्न मारला?”

“मारला म्हंजी काय! कानठळ्या बसल्या माझ्या. म्हणून तर दचकून एक पाऊल मागं आली मी. न्हाईतर चाकाखालीच की.”

पंचनाम्यात हॉर्न नव्हता. आरोपपत्रात नव्हता. माझ्या वहीत नव्हता आणि आबांच्या डोक्यातही नव्हता.

“मी हॉर्न मारला,” आबा पुन्हा म्हणाले, आता मला उद्देशून.

भरमा वॉकरचा दांडा धरून उभा होता. “आये, हे तू कुणालाच बोलली न्हाईस.”

“मला कुणी इचारलं?”

भरमानं मान खाली घातली. सोनाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. आबा बाकावरच त्यांच्याकडं पुरते वळले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाले, “मी इचारतो. अगदी पयल्यापासनं सांगा.”